थेंबभर तेलाचा मोह

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरलेली आणि बाप-लेक डोक्याला डोके लावून बसलेले. आठ वर्षांच्या मुलाची बोटे कोळशात घातल्यासारखी काळी झालेली. समोर पाइनच्या लाकडाची तांबडी मोटार, प्लॅस्टिकची चार चाके आणि चार खिळे. अमेरिकेत कब स्काउट मुले असलेल्या कित्येक घरांत शर्यतीच्या आदल्या रात्री हेच दृश्य दिसते. ही शर्यत म्हणजे ‘पाइनवुड डर्बी’.

कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी १५ मे १९५३ रोजी ती पहिल्यांदा झाली. डॉन मर्फी हे तिथल्या कब स्काउट पथकाचे प्रमुख. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, आत बसून उतारावरून गाडी सोडण्याच्या ‘सोप बॉक्स डर्बी’त उतरायचे होते, पण वय कमी पडत होते. मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून मर्फींनी जेमतेम वीतभर लाकडी मोटारींची शर्यत योजली. वडील आणि मुलगा यांनी मिळून काही घडवावे, हाच मूळ हेतू. २०१८ पासून कब स्काउटमध्ये मुलींनाही प्रवेश मिळाला आणि त्याही आपापल्या मोटारी घेऊन येऊ लागल्या.

नियम साधे आहेत. सात इंच लांबीचा ठोकळा, वजन पाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमच्या आत. इंजिन नाही, स्प्रिंग नाही, बेअरिंग नाही. गाडी उतारावर ठेवायची आणि सोडून द्यायची. तीन-चार सेकंदांत खेळ संपतो. उतार सगळ्यांना सारखा, वजनही जवळजवळ सारखे. मग एक गाडी पुढे का जाते? उत्तर बरेचदा त्या चार खिळ्यांपाशी सापडते. तेच गाडीचे आस.

पेटीतून आलेल्या खिळ्याच्या डोक्याखाली साच्याचे बारीक कंगोरे राहिलेले असतात. ते चाकाला घासतात आणि वेग खातात. म्हणून खिळा ड्रिलमध्ये पकडून आधी कानस, मग अधिकाधिक बारीक पॉलिश पेपर, शेवटी मऊ कापड, असा तो आरशासारखा चकचकीत करायचा. मग वंगण. चाकाच्या भोकात ग्रॅफाइटची पूड टाकायची, चाक फिरवायचे, जास्तीची पूड झटकायची आणि पुन्हा टाकायची. हे ग्रॅफाइट म्हणजे शिसपेन्सिलीत असते तेच. त्याचे सूक्ष्म थर पत्त्यांच्या पानांसारखे एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून चाक हलके फिरते.

तेल मात्र चालत नाही. बहुतेक पथकांचा नियम आहे की वंगण कोरडेच हवे. साधे तेल धूळ धरते, धावपट्टी खराब करते आणि त्याचा त्रास मागून येणाऱ्या गाड्यांना होतो. पण खास बनवलेले एक अगदी पातळ तेल मिळते. त्याचा एखादा थेंब पुडीलाही मागे टाकू शकतो, आणि तो बाहेरून दिसतही नाही.

अशीच एक इवलीशी बाटली वडिलांना कामावरच्या मित्राने दिली होती. मागच्या वर्षी मुलाची गाडी पहिल्याच फेरीत मागे पडली, तेव्हा घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. त्याचा तो चेहरा वडील विसरले नव्हते. त्यांनी खिशातून बाटली काढली.

“डॅडी, हे कोरडं आहे का?”

“नाही.”

“मग नियमात बसतं?”

‘कुणाला कळणार आहे?’ हे शब्द वडिलांच्या ओठांपर्यंत आले होते. पण त्यांना १९७३ सालची गोष्ट आठवली. ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे सोप बॉक्स डर्बीची अंतिम शर्यत चौदा वर्षांच्या मुलाने जिंकली. मागाहून तपासणीत गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुटताना पुढचा लोखंडी अडसर पडे, तोच गाडीला ओढून घेई. दोन दिवसांत विजेतेपद गेले. ती करामत त्या पोराने एकट्याने केली नव्हती. घरातल्या मोठ्या माणसाचा त्यात हात होता. पण नाव गेले ते मुलाचे.

“नाही बसत,” वडील म्हणाले आणि बाटली परत खिशात गेली. “आण तो खिळा. अजून थोडा घासू या.”

पुढचा अर्धा तास दोघे चाक फिरवत, कानाशी धरून त्याचा आवाज ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी गाडीचे वजन झाले, तपासणी झाली आणि ती इतर गाड्यांबरोबर टेबलावर ठेवली गेली. त्यानंतर तिला हात लावायचा नाही, वंगणही घालायचे नाही. यंदा तांबडी मोटार दोन फेऱ्या जिंकली. तिसऱ्या फेरीत बोटभर अंतराने हरली. वडिलांनी चोरून मुलाकडे पाहिले. तो जिंकलेल्या मुलाची गाडी उलटी धरून तिचे आस न्याहाळत होता.

“डॅडी, याने खिळे आपल्यापेक्षा जास्त घासलेत,” तो परत येऊन म्हणाला. “पुढच्या वर्षी आपण लवकर सुरुवात करू या.”

घरी आल्यावर मुलाच्या बोटांवरचा काळा रंग साबणानेही नीट निघेना. वडिलांनी आपलेही हात पाहिले. ते तेवढेच काळे होते.