डिस्क आकसत नाही

जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या मशिनला जोडली किंवा जुन्या मशिनमध्ये मोठी डिस्क बसवली की एक तक्रार हमखास येते. लेबलवर १६० जीबी छापलेलं असतं आणि स्क्रीनवर १२८च दिसतात. यावरची निदानंही ठरलेली असतात. डिस्क म्हातारी झाली, बॅड सेक्टर पडले, व्हायरसने जागा खाल्ली. या तिन्हींवर उपाय मात्र एकच सांगितला जातो : फॉरमॅट मारा. अडखळणाऱ्या आणि बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा परत मिळवणं हे माझं काम आहे, आणि त्या कामातून तयार झालेलं माझं मत मी इथे मांडतो आहे. हार्ड डिस्क वयोमानाने आकसत नाही. ती खरखरते, मंदावते, वाचताना अडकते, एके दिवशी बंदही पडते. पण झिजून १६०ची १२८ होत नाही. आकडा कमी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा डिस्क आणि आपण यांच्या मधल्या कुणाची तरी मोजण्याची हद्द संपलेली असते. ती कुणाची संपली, हे बहुधा तो आकडाच सांगतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात आकडा वाचण्यापासून व्हायला हवी.

डिस्कची क्षमता ठरते कशी, ते आधी पाहू. डिस्कवरची जागा सेक्टरमध्ये विभागलेली असते आणि जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा असतो. एकूण सेक्टर किती, हे कारखान्यातच ठरतं. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कला तिची ओळख विचारतो, आणि डिस्क मॉडेल नंबर व सिरीयल नंबरासोबत सेक्टरांची संख्या सांगते. उद्योगाने ही संख्या काढण्याचं एक सूत्र ठरवून घेतल्यामुळे ५०० जीबीची डिस्क कोणत्याही कंपनीची घेतली तरी तिचे सेक्टर बहुधा ९७,६७,७३,१६८ इतकेच भरतात. अनेक डिस्कच्या लेबलवर हा आकडा ‘एलबीए’ या अक्षरांपुढे छापलेलाही असतो. पुढे हा आकडा डिस्ककडून बायॉसकडे, तिथून ड्रायव्हरकडे, मग पार्टिशन टेबलाकडे, फाइल सिस्टिमकडे आणि शेवटी आपल्या स्क्रीनवर येतो. या साखळीतल्या कुणीही आकडा कमी केला तरी तबकडीवरची जागा जिथल्या तिथेच राहते. सातबाऱ्यावर क्षेत्र कमी लागलं म्हणून शेत लहान होत नाही, तसंच हे आहे.

सगळ्यात आधी, जी तूट मुळात तूटच नाही ती बाजूला काढू. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०२४चा तीनदा गुणाकार करून, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी म्हणते. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, १६०ची १४९ आणि एक टीबीची ९३१. जीबीच्या पातळीवर दोन मोजमापांतला फरक ७ टक्क्यांहून थोडा जास्त आहे, टीबीला तो जवळपास १० टक्के होतो. हा घोळ मिटवण्यासाठी १९९८ मध्ये दुसऱ्या मोजमापाला वेगळी नावं देण्यात आली, पण विंडोजने ती वापरात आणली नाहीत. ॲपलने २००९ पासून आपल्या मॅकवर दशमान मोजणी घेतली, म्हणून तीच डिस्क मॅकवर ५०० आणि विंडोजवर ४६५ दिसू शकते. हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊच नये. १६०च्या डिस्कवर १४९ दिसत असतील तर शोधण्यासारखं काही नाही. १२८ दिसत असतील, तर सुमारे २१ जीबी कुठे अडले ते शोधायला हवं.

आता मुख्य पुरावा पाहू. पीसीच्या इतिहासात डिस्क ठरावीक आकड्यांवरच अडत आली आहे, आणि त्यातला सगळ्यात बोलका आकडा अगदी सुरुवातीचा आहे : विंडोजच्या मापाने ५०४ एमबी. त्या काळी सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत दिला जाई. बायॉस १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर मोजू शके, त्यातून ८.४ जीबीपर्यंत जाता येत होतं. डिस्कच्या बाजूच्या नियमांत ६५,५३६ सिलिंडर आणि १६ हेड बसत. त्यातून त्याहूनही कितीतरी पुढे जाता येत होतं. पण दोघांनी एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येक आकड्यात जो लहान तोच चालणार. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३, म्हणजे १०,३२,१९२ सेक्टर, म्हणजे ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. विंडोजच्या मापाने हेच ५०४ एमबी. बायॉस एकटा पाहिला तर इतका कमी पडत नव्हता, डिस्कही पडत नव्हती. तूट दोघांच्या मधल्या जागेत जन्मली. पुढे काही बायॉस ३३.८ जीबीवर अडू लागले, एवढंच नाही तर त्याहून मोठी डिस्क दिसताच गोठू लागले. तेव्हा कंपन्यांनी डिस्कवर एक जंपर दिला. तो लावला की डिस्क स्वतःच ‘मी ३३.८चीच आहे’ असं सांगते. आज एखादी जुनी ८०ची आयडीई डिस्क ३१.५ दाखवत असेल, तर मागच्या पिनांवरचा तो जंपर अजून तिथेच आहे का, हे पाहणं हाच पहिला उपाय. जंपरची जागा लेबलवरच्या आकृतीत दिलेली असते.

आपल्या १६०च्या डिस्कची गोष्ट यानंतरची. आता सेक्टरांना सलग क्रमांक मिळाले होते, पण त्या क्रमांकासाठी २८ बिटांचीच जागा होती. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ सेक्टर मोजता येतात. त्याचे १३७ अब्ज ४३ कोटी ८९ लाख ५३ हजार ४७२ बाइट होतात, विंडोजच्या मापाने बरोबर १२८ जीबी. पुढच्या मानकात पत्ता ४८ बिटांचा झाला, आणि विंडोज एक्सपीत २००२ च्या सर्व्हिस पॅक १ने त्याची सोय केली. त्याआधीच्या एक्सपीवर १६०ची डिस्क १२८ची दिसणं हे डिस्क आजारी असल्याचं लक्षण नाही. पण इथे एक खरा धोका आहे. डिस्कवर दुसऱ्या मशिनवर केलेलं १४९ जीबीचं पार्टिशन असेल आणि ती २८ बिटांच्या मशिनला जोडून तिच्यावर लिहिलं, तर हद्दीपलीकडच्या पत्त्याचे वरचे बिट गळून पडू शकतात. उरलेला पत्ता डिस्कच्या सुरुवातीचा असतो, आणि नवा डेटा थेट पार्टिशन टेबलावर व फायलींच्या यादीवर जाऊन बसतो. म्हणजे जी डिस्क फक्त कमी दिसत होती, ती लिहिण्याच्या हट्टापायी खरोखर खराब होते.

अशीच हद्द पुन्हा २.२ टीबीवर आली. जुनं पार्टिशन टेबल ३२ बिटांत मोजतं. त्यापुढे जायला जीपीटी पद्धतीचं टेबल लागतं. इथेही आकडा बोलतो. तीन टीबीची डिस्क जुन्या यूएसबी केसिंगमध्ये किंवा जुन्या ड्रायव्हरखाली ७४६ जीबी दाखवते, आणि तीन चतुर्थांश डिस्क मेली असं वाटून माणूस घाबरतो. हिशेब करून पाहा. तिच्या सुमारे ३,००० अब्ज ६० कोटी बाइटांतून ३२ बिटांची हद्द, म्हणजे सुमारे २,१९९ अब्ज बाइट वजा करा. सुमारे ८०१ अब्ज ६० कोटी उरतात, आणि विंडोजच्या मापाने ते ७४६ जीबी होतात. मोजणारा ३२ बिटांच्या टोकाला पोहोचला, त्याचा काटा शून्यावर आला आणि उरलेलंच त्याने दाखवलं. झिजलेल्या डिस्ककडून इतकी नेमकी वजाबाकी होत नाही.

काही वेळा जागा मुद्दाम झाकलेली असते. डिस्कला एक आज्ञा देऊन तिची शेवटची हद्द अलीकडे ओढता येते. पलीकडच्या भागाला होस्ट प्रोटेक्टेड एरिया म्हणतात. काही लॅपटॉप कंपन्यांनी विंडोज पुन्हा टाकण्याची सामग्री तिथे ठेवली, तर काही मदरबोर्डनी बायॉसची प्रत. हे ओळखायला लिनक्सवर एचडीपार्म नावाचा छोटा प्रोग्राम पुरतो. तो दोन आकडे तिरप्या रेघेने शेजारी शेजारी दाखवतो : आज जाहीर असलेले सेक्टर आणि मूळचे सेक्टर. दोन्ही सारखे असतील तर असा झाकलेला भाग नाही, पहिला लहान असेल तर आहे. खरी हद्द एका वीजजोडणीपुरती उघडता येते. डिस्कची वीज बंद करून पुन्हा दिली की ती पूर्ववत होते. तपासणी अशाच पद्धतीने करावी, कायमचा बदल डेटा हातात आल्यावर. याहून खोलवर आणखी एक पडदा असतो, डिव्हाइस कॉन्फिगरेशन ओव्हरले. तो मूळचा आकडाच लहान करून सांगतो, म्हणून लेबलवरच्या एलबीए आकड्याशी ताळा घेणं सोडू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल : बॅड सेक्टर खरे असतात, मग ते जागा खात नाहीत का? खातात, पण एकूण आकड्यातून नाही. प्रत्येक डिस्ककडे राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर निकामी झाला की डिस्क त्याचा क्रमांक राखीव सेक्टरला देते आणि ‘स्मार्ट’ या नोंदवहीत पाचव्या क्रमांकाच्या नोंदीत तो बदल मोजते. वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर १९७ व्या नोंदीत दिसतात. राखीव साठा संपला तरी एकूण संख्या घटत नाही, चुका वाढतात. विंडोजने खराब जागा वगळली तरी चेकडिस्कच्या अहवालात ती वेगळ्या ओळीत येते आणि वरची एकूण क्षमता तशीच राहते. डेटा सेंटरच्या काही डिस्कमध्ये निकामी हेड वगळून डिस्क लहान करण्याची सोय आहे हे खरं. पण तीसुद्धा आज्ञा दिल्यावरच, आपोआप नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही डिस्क खरोखर बिघडल्यामुळे चुकीचा आकडा सांगतात. डिस्कचं स्वतःचं काम चालवणारी माहिती तबकडीच्या राखीव भागात असते. ती वाचता आली नाही तर डिस्क शून्य क्षमता सांगते, किंवा मॉडेलच्या जागी कारखान्यातलं नाव दाखवते. पण हा आकडा कोणत्याही ओळखीच्या हद्दीशी जुळत नाही, आणि त्यामुळेच तो वेगळा कळतो. अशा डिस्कवर एकही प्रयोग न करता वीज बंद करावी आणि ती जाणकाराकडे द्यावी. आकडा आधी वाचण्याचा फायदा इथेही होतो : निरोगी डिस्कवर उगाच उपचार होत नाहीत आणि आजारी डिस्कचा वेळ वाया जात नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. नवी डिस्क स्वस्तात मिळते, मग जुन्या १६०साठी एवढा खटाटोप कशाला? डिस्कच्या किमतीचा प्रश्न असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण आपल्याकडच्या छपाईखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत, फोटो स्टुडिओत आणि संस्थांच्या कपाटांत अशाच डिस्क पडून आहेत. त्यांत जुन्या फाँटमधली पुस्तकांची पानं आहेत, लग्नांचे अल्बम आहेत, हिशेब आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांची दुसरी प्रत नाही. शिवाय झाकलेल्या जागेची एक उलटी बाजू आहे. डिस्क भंगारात देण्याआधी पुसणारे साधे प्रोग्राम दिसणाऱ्या हद्दीपर्यंतच पुसतात. हद्दीपलीकडे काही राहिलं असेल तर ते डिस्कबरोबर दुसऱ्याच्या हाती जातं. क्षमता पुरी दिसते की नाही हे पाहणं डेटा वाचवायला जितकं गरजेचं, तितकंच तो नष्ट करायलाही.

या सगळ्यातून कामाचा एक क्रम निघतो. आधी लेबलवरचे जीबी आणि एलबीए लिहून घ्या. मग डिस्क शक्य तर केसिंगमधून काढून थेट साटा किंवा आयडीई जोडणीवर लावा. केसिंग ही सुद्धा मोजणाऱ्यांच्या साखळीतली एक कडी आहे. विंडोज ‘डिस्क इनिशियलाइज करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असं विचारेल, तिथे नाही म्हणा. सेक्टरांचा आकडा आणि स्मार्टच्या नोंदी वाचा. डेटा मोलाचा असेल तर दुसऱ्या डिस्कवर सेक्टरशः प्रत घ्या आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवर करा. जंपर, ड्रायव्हर, पार्टिशन, झाकलेली हद्द, हे त्यानंतर. फॉरमॅट या यादीत शेवटी येतो आणि बहुतेक वेळा त्याची पाळीच येत नाही, कारण फॉरमॅट करून बायॉसची हद्द वाढत नाही आणि जंपर निघत नाही. माझी मागणी साधी आहे. डिस्क दुरुस्तीला घेताना प्रत्येक दुकानाने पावतीवर तीन गोष्टी लिहाव्यात : लेबलवरचे सेक्टर, मशिनला दिसलेले सेक्टर आणि डिस्क कशी जोडली होती. ग्राहकानेही फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी हे आकडे मागावेत. ते लिहायला फारसा वेळ लागत नाही, आणि ते न लिहिता केलेला फॉरमॅट म्हणजे निदानाआधीच केलेली शस्त्रक्रिया.