लुणीचे मीठ

लुणी म्हणजे खारी. अजमेरजवळ अरवलीच्या नाग डोंगरात ही नदी उगम पावते आणि सुमारे ४९५ किलोमीटर वाहून कच्छच्या रणात जिरते. अजमेरला जियारतीला जाणारे आम्ही मालेगावकर तिच्या उगमाच्या इतक्या जवळ जाऊन येतो, पण तिचे नाव आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक. खरे तर आमचा तिच्याशी रोजचा व्यवहार. आमच्या यंत्रमागांवरचे कोरे कापड, ज्याला आम्ही ग्रे म्हणतो, ट्रकने पाली-बालोतऱ्याला जाते. तिथे ते धुतात, रंगवतात, छापतात. पाली तिच्या बांडी या उपनदीवर, बालोतरा खुद्द लुणीच्या काठी.

बालोतऱ्यापर्यंत नदी गोड, पुढे खारी, असे पूर्वीपासून म्हणतात. जमिनीतलेच मीठ ती उचलत जाते. त्या मिठावर जगणारी वनस्पतींची एक वस्तीच तिथे आहे. झाऊ आपल्या पानांतून मीठ बाहेर टाकतो. लाण्याला धड पाने नाहीत, तरी उंटाचे पोट त्यावर भरते. आणि जाळ! बाकीचे हिशेबासाठी पेढीवर बसले असताना आम्ही दोघे-तिघे काठावर फिरत होतो, तेव्हा एकाने खाऱ्या जाळीची फांदी मोडून हुंगली आणि ओरडला, "अरे, ही तर मिस्वाक!" मशिदीबाहेर आपण विकत घेतो ती पिलूची काडी हीच. तिची बहीण गोडी जाळ. तिची फळे एकेक खाल्ली तर तोंड येते म्हणतात, मूठभर एकदम तोंडात टाकायची.

पावसाळ्यात पाणी रणात पसरते, तिथे बोटभरही नसलेला एक मासा गोड्या पाण्यात जगतो आणि समुद्राहून खाऱ्या पाण्यातही. शेजारच्या छोट्या रणात बनास-रूपेणचे पाणी भरतीच्या पाण्यात मिसळते आणि कोळंबी वाढते. तिथल्या रानगाढवांची मोजणी २०२४ मध्ये ७,६७२ भरली. साठच्या दशकात ती काही शेकड्यांवर आली होती. मुंबईच्या सालिम अलींनी १९४५ मध्ये रणातली रोहित पक्ष्यांची वसाहत पाहून तिच्यावर लिहिले. मिठाने कुणाचे काही अडले नव्हते.

पालीत मात्र बांडीचे पाणी काळपट-जांभळे दिसले आणि वासाने रुमाल नाकाला लावावा लागला. कॉस्टिक सोडा, सिलिकेट, रंग. हेही खारच, पण नदीच्या मिठाला ऋतू असतो. पाऊस आला की ती वाहते, एरवी कोरडी पडते, आणि झाडेही त्याच बेताने जगतात. कारखान्यांचे पाणी बारमाही. ते विहिरीत उतरते, माती दगडासारखी करते. जोधपूरकडून येणाऱ्या जोजरीच्या काठी, डोळी-धव्याकडे, काळविटांना हेच पाणी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोजरीची दखल आपणहून घेतली. पुढे बांडी आणि लुणीही त्यात आल्या.

ही बातमी आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात चहाच्या टपरीवर कुणी काळविटाबद्दल बोलले नाही. तिकडची प्रोसेस बंद पडली तर ग्रेचा भाव किती उतरेल, एवढेच. त्यांना नावे ठेवणे आम्हाला जमत नाही. माग थांबला की आठवड्याची मजुरी थांबते. पण पाणी साफ करण्याचा खर्च मीटरमागे कुणाच्या गळ्यात घालायचा, हा प्रश्न व्यापारी, प्रोसेसवाला आणि आम्ही एकमेकांकडे ढकलत आलो, आणि तोवर तो शेतकऱ्याच्या विहिरीत जाऊन बसला आहे.

बालोतऱ्यात मशिदीच्या पायरीशी एक म्हातारेबाबा मिस्वाक विकत होते. आम्ही दोन जुड्या घेतल्या. नदीवरचीच ना, असे विचारले.

"नहीं बेटा," ते म्हणाले, "अब दूर से लाता हूँ."