पुलावर ठेवलेलं ओझं

होस्टेलमध्ये माणसाचं वजन ही सार्वजनिक मालमत्ता असते. पर्सेंटेज विचारताना लोक थोडा तरी आडपडदा ठेवतात. पण वजनाबद्दल कुणीही, कधीही, मेसच्या रांगेत ताट हातात धरून बोलतं. "काय बे, मेसचं अन्न फारच लागलं तुला!" हे वाक्य थर्ड इयरला मी इतक्यांदा ऐकलं की हिशोबाला वेगळं रजिस्टर लागलं असतं.

फर्स्ट इयरला 62 किलोचा मी पाचव्या सेमिस्टरला 79 वर पोचलो. लोकांना दिसायचं ते पोट. पण रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टक्क उघडे डोळे, वायव्हाच्या नुसत्या विचाराने छातीत होणारी धडधड, सकाळी अंघोळीला उठणंही डोंगराएवढं वाटणं, हे कुणाला दिसणार? डॉक्टरांनी त्याला नावं दिली: नैराश्य आणि चिंतेचा विकार.

आता वजनाचा यात काय संबंध? आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगतो. झोप नाही म्हणून भूक वाढते, आणि तीही गोड-तळकटाचीच. खाल्लं की दहा मिनिटं बरं वाटतं. मग वजन वाढतं, ग्राउंडवर जायची लाज वाटते, हालचाल बंद होते आणि झोप आणखी बिघडते. आउटपुट परत इनपुटला जोडलेलं, तेही पॉझिटिव्ह फीडबॅकने! काहींचं याच्या उलट होतं, भूकच मरते. आमच्या विंगमधला एक जण असाच वाळत गेला. सगळे त्याला म्हणायचे, "वा, काय फिट झालास!" दोघांचं दुखणं एकच, फक्त काटा वेगळ्या दिशेला.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात झोप लागू लागली, पण वजन आणखी दोन किलो वाढलं. अशा आजारावरच्या काही औषधांनी भूक वाढते, हे तेव्हा कळलं. रोज रात्री गोळी हातात घेऊन प्रश्न पडायचा, मन सांभाळू की शरीर? शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "स्वतःहून बंद करायची नाही. एकदम सोडली तर त्रास होतो, आजार उलटू शकतो. औषध बदलता येतं, डोस बदलता येतो. त्यासाठीच तर मी बसलोय." त्यांनी औषध बदलून दिलं. प्रश्न एवढा सरळ असतो, फक्त तो विचारावा लागतो.

याच सुमारास विनोबांची एक गोष्ट कळली, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली. 1938 साली त्यांची तब्येत पार खालावली होती, वजन 88 पौंड, म्हणजे जेमतेम 40 किलो. गांधीजींना वाटत होतं की त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी जावं. विनोबा गेले पवनारला, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी कामाच्या साऱ्या चिंता मनातून सोडून दिल्या. मग शेतात खणायला लागले. सुरुवातीला थोडीच मिनिटं, हळूहळू वाढवत. काही महिन्यांत वजन 128 पौंडांवर गेलं. याच जागेच्या खोदकामात भरत-राम भेटीचं जुनं शिल्प सापडलं.

मी पवनारला सायकलने जाऊन त्या नदीकाठी बसून आलो. खरं सांगतो, पुलावर माझं काही सुटलं नाही! विनोबांचा मनोनिग्रह कुठे, आपण कुठे. आणि नैराश्य हा आजार आहे. 'सोड बे टेन्शन' म्हटल्याने तो सुटत नाही, त्याला उपचार लागतात. पण त्या गोष्टीतला क्रम मात्र मी उचलला. आधी मनावरचं ओझं, मग थोडं अंगमेहनतीचं काम, आणि काटा सगळ्यात शेवटी.

माझं खणणं म्हणजे संध्याकाळी होस्टेलच्या गेटपासून चालणं. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं. ज्या दिवशी उठवत नव्हतं त्या दिवशी फक्त बूट घालून गेटपर्यंत; तेही धरायचं. डाएट वगैरे काही नाही. मेसचं वरण-भात-पोळी-भाजी वेळेवर, नाश्ता चुकवायचा नाही, कारण सकाळी उपाशी राहिलं की रात्री बिस्किटांचा पुडा संपतो. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी.

आठ महिन्यांत 81 वरून 74 वर आलो. 62 होईन का? माहीत नाही, आणि त्यावाचून अडत नाही. मागच्या सेमिस्टरला पाचही वायव्हा दिल्या, हा आकडा मला जास्त प्रिय आहे.

ज्यांना हे वाचून स्वतःची ओळख पटली त्यांच्यासाठी: सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेली टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. बाकीच्यांना एवढंच सांगणं की मेसच्या रांगेत पुढचा जाड किंवा बारीक झालेला दिसला तर त्याच्या पोटाकडे बघू नका. जरा बाजूला घेऊन विचारा, "काय रे, झोप लागते ना?"