तलफेची पाच मिनिटं

निपाणीत राहून तंबाखू सोडायची म्हणजे अख्ख्या गावाशी वाकडं घ्यायचं. वखारींच्या गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी खकाणा नाकात जातो आणि ठसका लागतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. ज्या पिकासाठी माणसांनी जीव दिला ते वाईट आहे, हे इथं कुणी कोणत्या तोंडानं सांगायचं? सकाळी मशेरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही अशा आज्या अजून आहेत.

आमचा एक चुलतभाऊ चाळिशीनंतर तंबाखू सोडायला निघाला. बेळगावात शिकणाऱ्या मुलीनं त्याच्या मोबाइलवर ध्यानाचं ॲप घालून दिलं. जेवण झालं की तो कानात वायरी खुपसून कट्ट्यावर बसायचा. डोळे मिटलेले, पण उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरतच असायचा, चुना नसताना मळत असायचा. ॲपमधली बाई गोड हिंदीत सांगायची, विचार येऊ द्या, जाऊ द्या. एकदा मध्येच डोळे उघडून म्हणाला, "विचार कुठला येतोय रं? नुसती चिमूट दिसत्या डोळ्याम्होरं."

आता गंमत अशी, की ध्यानाला नेमकं तेच हवं असतं. ॲलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं व्यसनी माणसांना सांगितलं, तलफेशी झगडू नका, तिच्याकडे बघा. ती चढते, माथ्यावर जाते आणि ओसरते. त्यानं उपमा दिली लाटेची. आमच्याकडे समुद्र नाही, वळीव म्हणा. वळवात कुणी धावत सुटत नाही, आडोशाला थांबतो. ॲप असा आडोसा देतं, एवढं मी नक्की मान्य करीन.

ॲपनं व्यसन सुटतं, हा त्यापुढचा दावा मात्र जपून ऐकावा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जडसन ब्रुअर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समोरासमोर बसून ध्यान शिकलेल्यांना सिगारेट सोडणं नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा चांगलं जमलं होतं. पुढं तेच शिक्षण ॲपमधून देऊन पाहिलं, तेव्हा सहा महिन्यांनी सिगारेट सोडलेल्यांचं प्रमाण ध्यान न शिकवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा वाढलेलं दिसलं नाही. तलफ आली की ओढायचीच, ही गाठ मात्र सैल झाली होती. मला यात नवल वाटत नाही. समोर माणूस असला की त्याची लाज वाटते, आधारही वाटतो. ॲप बंद केलं तर ते रुसत नाही. शिवाय २०२५ पर्यंत तर त्याच मोबाइलवर पुढच्या क्षणी रमीची जाहिरात यायची. एका खोडीवरचं औषध दुसऱ्या खोडीच्या दुकानात ठेवल्यासारखं!

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून माणसांवरच भिस्त ठेवली आहे. आमच्याकडे माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, त्यात श्रद्धेइतकाच टाळकऱ्यांच्या नजरेचाही वाटा असणार. तंबाखूला मात्र अशी नजर कुणी लावत नाही. भजन संपल्यावर बाहेर चंची फिरते, ती मी पाहिलेली आहे.

चुलतभावाची सुटली का? कमी झाली. ॲप अजून आहे, पण दुपारी आता मुलगी फोन करते आणि तो तिच्याशी बोलत बसतो.

तुम्हीही सोडायच्या विचारात असाल तर ॲप जरूर घाला, पण आधी पुडी उलटून बघा. २०१८ पासून तिच्यावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापणं सक्तीचं आहे. फोन फुकट लागतो, आणि पलीकडे बोलायला माणूस असतो.