मोटारींतील गारवा

ज्या वाचकांनीं नंदुरबारचा मे महिना पाहिला नाहीं, त्यांस मोटारींतील वातानुकूलन ही निव्वळ चैन वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत असे. वाळ्याचे पडदे भिजवावे आणि दुपारीं घराबाहेर पडूं नये, हा आमच्या घराण्याचा परिपाठ. पण चार वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं दोन हातांखालून गेलेली एक जुनी मोटार घेतली, आणि आमच्या वडील बंधूंस धुळ्यास डॉक्टरांकडे नेण्याआणण्याचें काम तिच्याकडे आलें. दादांचें हृदय अशक्त. ऊन त्यांस सोसत नाहीं.

गेल्या वैशाखांत दोंडाईच्याच्या पुढें तो गारवा एकाएकीं बंद पडला. खिडक्या उघडाव्या तर भट्टीचा वारा आंत! दादा कांहींच बोलले नाहींत. डोळे मिटून बसले. वहिनी त्यांच्या कपाळावर ओला पंचा धरून होत्या. एका निंबाखालीं ऊन उतरेपर्यंत आम्ही थांबलों. त्या दोन तासांतली आमच्या मनाची अवस्था येथें लिहवत नाहीं.

वास्तविक प्रत्येक उन्हाळ्याच्या आरंभीं चिरंजीव एका मिस्त्रीकडून गॅस भरवून घेत. ‘गॅस संपला होता, भरला,’ एवढाच त्यांचा संवाद. आमचा सारा जन्म मुलांस प्रश्न विचारण्यांत गेला; पण हा संपलेला गॅस गेला कोठें, हें मात्र आम्हीं एकदांही विचारलें नाहीं.

दुसऱ्या एका वृद्ध कारागिरानें आमचें अज्ञान दूर केलें. हा गॅस पेट्रोलासारखा जळत नाहीं. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. आंत द्रवाची वाफ होतांना उष्णता शोषतो, आणि मोटारीच्या तोंडाशीं, कंडेन्सरमध्यें, पुन्हां द्रव होतांना ती बाहेर टाकतो. तेव्हां तो वरचेवर भरावा लागत असेल तर कोठेंतरी गळती आहे, हें धुरावरून केलेल्या अग्नीच्या अनुमानाइतकेंच निश्चित. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचें तेलही फिरतें; गळतीपाशीं त्याचा डाग पडतो व त्यावर धूळ बसते. आमच्या कंडेन्सरच्या सांध्यावर चक्क तांबडें कडें दिसलें. गांवाबाहेरच्या पथाऱ्यांवर हिंवाळाभर मिरच्या वाळत असतात, त्यांची ती धूळ! साबणाचें पाणी लावतांच तेथें फुगे आले. बदलावें लागलें तें रबराचें एक लहानसें कडें. मग पंपानें नळ्या निर्वात करून, गॅस वजन करून भरला.

पूर्वींचा आर-१२ हा वायु ओझोनच्या थरास घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागें पडला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नाहीं खरा, पण पृथ्वी तापविण्यांत तो कर्बवायूच्या हजारपटींहून अधिक प्रबळ. तीन वर्षें आम्ही तो पैसे मोजून आकाशांत सोडीत होतों!

डॅशबोर्डामागची हवा गाळण्याची जाळी काढली, तेव्हां अंगणांतलीं सारीं नातवंडें शिंकूं लागलीं. धाकट्या नातवास गाडींत बसतांच शिंका येत, त्याचा दोष आम्ही त्याच्या प्रकृतीस देत आलों होतों.

आतां थंडींतही आठवड्यांतून एकदां दहा मिनिटें हें यंत्र चालवितों, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सांध्यांस तेल पोंचतें. पथाऱ्यांचा हंगाम सरला कीं कंडेन्सरवर पाणी सोडतों, तेंही हलक्या धारेनें. जोराच्या धारेनें त्याचे पातळ पत्रे वांकतात. परवां धुळ्यास जातांना दोंडाईचा मागें पडलें, तसे दादांनीं उपरणें कानांभोंवतीं घेतलें आणि म्हणाले, “अरे, पंखा जरा कमी करा. थंडी वाजते.”