नांवाच्या तीस जागा

जुन्या वाड्याला नवा दरवाजा बसवावा, आणि आंतील माणसांना त्याची धग लागूं नये, असें काम एकदां आमच्या वांट्यास आलें. जळगांवच्या एका पतपेढीचा व्याजाचा सर्व हिशेब कोबोल भाषेंत लिहिलेला होता. व्यापारी हिशेबाकरितां म्हणून या भाषेची आंखणी १९५९ सालीं अमेरिकेंत सुरू झाली. तिला म्हातारी म्हणून हंसणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या हिशेबांत पैची चूक आम्हांस आढळली नाहीं.

अडचण एवढीच, कीं हिशेब जळगांवीं आणि ठेवीदार धुळ्यास. शाखेंतील कारकुनानें टेलिफोन करावा व उत्तर येईपर्यंत ठेवीदारानें बांकावर बसून राहावें, अशी वहिवाट होती. तेव्हां जुन्या प्रोग्रामला वेबसेवेचें रूप देऊन तो धुळ्याच्या ब्राउझरांत उघडावा असें ठरलें.

यांत आमची करामत थोडीच. सेवा काय मागते व काय देते याचें एक वर्णनपत्र असतें. तें वाचून तयार साधनच क्लायंटचा बराचसा भाग लिहून देतें. नांवास ३० जागा, असें पत्रांत होतें. साधनानें तें निमूटपणें मानलें, आम्हींही मानलें. चांचणी रोमन नांवांवर केली, सर्व्हरवर चढविलें आणि चहा मागविला.

नव्या पडद्यावर देवनागरी लिहितां येतें म्हणून धुळ्याच्या शाखेंत सर्वांस आनंद झाला. तिसऱ्याच दिवशीं एक आजीबाई नवें पासबुक घेऊन परत आल्या. शिल्लक बरोबर होती. नांव मात्र मध्येंच तुटलेलें, आणि पुढें एक निरर्थक चौकोन. नातवानें तें वाचून दाखवितांच त्या म्हणाल्या, "पैसं शाबूत, मीच तेवढी अर्धी राहिले होय?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

जळगांवीं परतून आम्हीं खानदेशांत सर्वांस ठाऊक असलेलें नांव घातलें: बहिणाबाई चौधरी. रोमन लिपींत त्यास १९ जागा पुरतात. परंतु युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक अक्षर ३ बाइट घेतें, आणि काना, वेलांटी यांनाही वेगळे तीन-तीन लागतात. हिशेब ४० वर गेला. तिसाव्या जागेवर कात्री चालली ती 'चौ'च्या मात्रेंतून! उरलें तें 'बहिणाबाई च' आणि एक चौकोन.

जागा वाढवाव्या, तर पुढील प्रत्येक रकान्याचें स्थान सरकणार आणि चोख चाललेला हिशेब उघडावा लागणार. म्हणून जुन्या सेवेस रोमन नांवच देत राहिलों, व देवनागरी नांवांची वेगळी वही खातेक्रमांकाशीं जोडून ठेविली. छपाई त्या वहींतून होऊं लागली.

बहिणाबाईंना लिहितां येत नव्हतें. त्या १९५१ सालीं निवर्तल्या. त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं, तीं घरच्या माणसांनीं टिपून ठेविलीं होतीं म्हणून. बोलणारी एक आणि लिहून घेणारा दुसरा, असें जेथें असतें, तेथें लिहिणाऱ्याचें पहिलें कर्तव्य अक्षर न गाळण्याचें. आमचा क्लायंट हा असाच एक लेखनिक होता, आणि तो पहिल्या दिवसापासून अक्षरें गाळीत होता. दोष जुन्या भाषेचा नव्हता.

आजीबाईंचें पासबुक आम्हीं स्वतः धुळ्यास नेऊन दिलें. या खेपेस त्यांनीं नातवाकडून तें दोनदां वाचवून घेतलें.