छपरीतला चेहरा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या उन्हाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तापमानाच्या अंगाने. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की वृत्तपत्रांना आमची आठवण होते. या उन्हाचा दुसरा गुण मात्र छायाचित्र काढू लागल्यावरच ध्यानात येतो: ते सावलीला फार काळी करते. वैशाखात साग निष्पर्ण असतो, वाटेवरची माती पांढुरकी दिसते, आणि त्या झळाळीत मातीच्या घराची छपरी म्हणजे नुसता काळा चौकोन. डोळा हे सांभाळून घेतो. अंगणातून आत वळला की क्षणभर थबकतो, मग त्याला कोनाड्यातला कंदीलही दिसू लागतो. कॅमेऱ्याला असे थबकता येत नाही. अंगण की छपरी, हे त्याला एकदाच ठरवावे लागते.

मोबाईलमधील 'एचडीआर', म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, ही सोय या निवडीतून सुटका करते. कल्पना जुनीच आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्हांतून एकच चित्र छापत असे. आयफोनमध्ये ही सोय २०१० साली आली. तेव्हा फोन कमी-अधिक उजेडाची तीन चित्रे घेऊन ती एकत्र करी. गूगलने २०१३ साली नेक्सस ५ मध्ये आणलेली रीत निराळी होती. आभाळ पांढरे पडू नये म्हणून फोन मुद्दाम कमी उजेडाची अनेक चित्रे झपाट्याने टिपतो, ती एकमेकांवर जुळवतो, त्यांच्या सरासरीतून अंधाऱ्या भागातला दाणेदार गढूळपणा घालवतो आणि मग तो भाग उजळतो. म्हणजे आपण ज्याला एक क्षण समजतो ते अनेक क्षणांचे संपादन असते. मध्येच बांबूचे पान हलले तर कोणते पान ठेवायचे, हेही फोनच ठरवतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे काम अपरिचित वाटू नये.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावी परिचितांच्या घरी मी आजींची दोन छायाचित्रे काढली, एक ही सोय बंद ठेवून, दुसरे चालू ठेवून. पहिल्यात उन्हाच्या चौकटीत बसलेली एक काळी आकृती होती. डोक्यावरचा पदर तेवढा कडेने उजळलेला. मला ते फार आवडले. आजींनी फोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "यात मी कुठं दिसून राह्यली, सर?" दुसऱ्यात त्यांचे डोळे होते, कपाळावरचे गोंदण होते, मागची फुटकी कणगीही होती. तेच त्यांनी मुलाला पाठवायला सांगितले.

सौंदर्यदृष्टीचा हा साधा मतभेद आहे, असे म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु सावळ्या-काळ्या चेहऱ्यांशी कॅमेऱ्याचे वर्तन कधीच निःपक्षपाती नव्हते. कोडॅकच्या रंगीत छपाईचा मेळ कित्येक दशके गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावरून, ज्याला 'शर्ली कार्ड' म्हणत, लावला जाई. गूगलने काळ्या-सावळ्या त्वचेसाठी 'रिअल टोन' नावाची सुधारणा जाहीर केली ती २०२१ साली. आमच्याकडचे उघडे आभाळ आणि त्याखालचा काळा चेहरा यांत पहिल्याची बाजू घेणे हा स्वयंचलित कॅमेऱ्याचा जुना स्वभाव होता, आणि त्यातून निघालेल्या छायाकृतींना आपण 'कलात्मक' म्हणत आलो.

जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाचा सावलीची थोरवी सांगणारा निबंध १९३३ सालचा. साहित्याच्या वर्गात तो आदराने वाचला जातो, वाचलाही पाहिजे. मात्र त्याचा आरंभ नव्या घरातल्या विजेच्या तारा कशा लपवाव्यात या चिंतेपासून होतो, हे विसरू नये. तारा लपवण्याची अडचण ज्याला आहे, त्याच्याकडे वीज आहे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून १९८२ साली वेगळा झाला. बाहेरून येऊन त्याच्याविषयी लिहिणारे अनेकजण मात्र अजूनही 'काळोख' हा शब्द सोबत घेऊनच येतात. जंगल काळोखे, माणसे काळोखात, भवितव्यही तसेच. आजींचा प्रश्न त्या लेखनालाही विचारता येईल.

असे असूनही सर्वत्र सगळे उजळावे, हे मला मान्य नाही. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा उत्तरेकडे वळते तिथे, मार्कंडा येथील देवळे आहेत. 'विदर्भाचे खजुराहो' हे त्यांना चिकटलेले नाव मला उसने वाटते, असो. तेथील शिल्पे सावलीनेच घडली आहेत. कंबरेचा बाक, ओठांची कड, बोटांमधली फट, हे सारे दगडातल्या खोलीत साचलेल्या काळ्या रंगामुळे डोळ्यांना कळते. एचडीआर ती खोली भरून काढते. प्रत्येक मूर्ती स्पष्ट दिसते, आणि भिंत मात्र पत्र्यावर ठोकलेल्या नक्षीसारखी सपाट होते. आताच्या बऱ्याच फोनांत ही प्रक्रिया आपोआप चालते, बंद करण्याची सोय शोधावी लागते, काहींत ती नसतेच. तेव्हा मी सकाळी लवकर जातो. ऊन भिंतीवर तिरपे असताना मूर्तीच्या उजळ खांद्यावर बोट टेकवतो आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण खाली ओढतो. गाभाऱ्याचे दार काळे पडते. ते मी तसेच ठेवतो.